आत्याने वही उघडलीच नाही

शेवटचा हप्ता घेऊन आत्याकडे गेलो त्या दिवशी खिशात पाकीट होतं आणि हातात निळ्या पुठ्ठ्याची वही. वही मुद्दाम नेली होती. माझ्या अडचणीच्या काळात तिने मला मोठी रक्कम दिली होती, काही लिहून न घेता आणि कधी देशील असं न विचारता. पहिला हप्ता दिला त्याच दिवशी मी ती वही घातली. डावीकडे तारीख, मध्ये दिलेले, उजवीकडे बाकी. उजवीकडचा आकडा महिन्यागणिक बारीक होताना बघणं हा माझा छुपा आनंद होता. एखाद्या महिन्यात जमलं नाही तर त्या ओळीत लाल शाईची फुली मारायची, पुढच्या महिन्यात दुप्पट द्यायचे आणि मग त्या फुलीभोवती गोल काढायचा. साडेसात वर्षं हे चाललं. शेवटच्या ओळीत मी घरूनच शून्य लिहून आणलं होतं. त्याखाली पट्टीने दोन रेघा आखल्या होत्या, एक माझ्या सहीसाठी आणि एक तिच्या.

आत्या खिडकीजवळ बसून उशीचा उसवलेला अभ्रा शिवत होती. पाकीट घेतलं आणि नेहमीसारखं न मोजता बाजूला ठेवलं. मी वही पुढे केली. म्हटलं, "आत्या, फिटलं बघ सगळं. इथे सही कर." तिने दोरा दातांनी तोडला. "काय फिटलं?" "अगं, तुझे पैसे." ती हसली. थट्टेने नाही, पण हसलीच. "ते मी दिले त्याच दिवशी मनातून सोडून दिले होते रे." मी विचारलं, मग इतकी वर्षं घेत का होतीस? सुईत नवा दोरा ओवता ओवता ती म्हणाली, "तू देत होतास म्हणून. नको म्हटलं असतं तर तू तोंड दाखवायचा बंद झाला असतास."

वही तिने उघडलीच नाही.

आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. जिना उतरताना आला, रात्री अंथरुणावर पडल्यावर जास्त आला. त्या साडेसात वर्षांत मी किती हौस मारली होती, कुठे कुठे मन आवरलं होतं, याचा एकुलता एक साक्षीदार म्हणजे ती वही. आत्याच्या लेखी त्या वहीत काही नव्हतंच. मी फेडत होतो ते कर्ज पहिल्या दिवसापासून अस्तित्वात नव्हतं. मग मी नेमकं काय करत होतो? आणि सगळ्यात टोचलं ते हे, की इतकी वर्षं मी तिच्या दारात ताठ मानेने उभा राहिलो तो त्या हप्त्यांच्या जोरावर, आणि ती मला आत घेत होती ती भलत्याच कारणासाठी.

हा राग मला अनोळखी नव्हता. त्याचं शास्त्रातलं नाव मला लहानपणीच पाठ करायला लावलं होतं. संडे स्कूलमध्ये वचन पाठ म्हणून दाखवलं की कार्डावर एक चांदणी चिकटवायचे. बायबलातलं इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठवं आणि नववं वचन: तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान, आणि "कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून" ते कर्मांनी नाही. 'आढ्यता' हा शब्द मला धड उच्चारता येत नव्हता, बढाई हा त्याचा अर्थ तर दूरच. मी तो घोकून घोकून बसवला, न अडखळता वचन म्हटलं आणि मला सोनेरी चांदणी मिळाली, वर्गात एकट्याला. ते कार्ड मी कितीतरी दिवस पुस्तकात ठेवून येईल त्याला दाखवत होतो. आढ्यता बाळगू नये हे वचन न चुकता म्हटल्याची आढ्यता! शिकवणाऱ्या बाईंना यातला विनोद दिसला असेल का, कुणास ठाऊक. मला दिसायला चाळिशी यावी लागली.

या शिकवणीचं सगळं मर्म मला मराठीत एका साध्या क्रियापदात दिसतं. 'ठरणे'. आपल्या बायबलात माणूस 'नीतिमान ठरतो'. मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांची येशूची गोष्ट लूकने आपल्या शुभवर्तमानात सांगितली आहे. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, उभा राहून आपला हिशोब मांडतो: आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, शिवाय मी या जकातदारासारखा नाही. कर वसूल करणारा, लोकांच्या तिरस्काराचा धनी असलेला तो जकातदार दूर उभा आहे. वर बघायचंही धाडस त्याला होत नाही. ऊर बडवत एवढंच म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. आणि येशू सांगतो की हा दुसरा नीतिमान ठरून घरी गेला. 'होऊन' नाही, 'ठरून'. या दोन शब्दांत केवढं अंतर आहे! लग्न ठरतं तेव्हा ते झालेलं नसतं, तरी ठरल्या क्षणापासून माणसं वेगळी वागू लागतात. आरोपी निर्दोष ठरतो तेव्हा न्यायाधीश त्याच्या आत काही बदलत नाही. निकाल मात्र बदलतो, बेड्या निघतात. मूळ ग्रीक शब्दाची पाळंमुळंही न्यायालयातच आहेत. जकातदार घरी गेला तेव्हा तो सज्जन झाला होता असं गोष्ट कुठेच म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तो नाक्यावर कसा वागला हेही सांगत नाही. हे मला वर्षानुवर्षं खटकायचं. अजूनही थोडं खटकतं.

परूश्यांवर आपण फार अन्याय केला आहे, हेही इथेच सांगून टाकतो. चर्चमध्ये 'परूशी' ही शिवी होऊन बसली, जणू यहुदी धर्म म्हणजे पुण्याचं दुकान. ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने १९७७ साली त्या काळच्या यहुदी लिखाणाचा मोठा धांडोळा घेऊन दाखवलं, की त्यांच्या लेखी निवड आणि करार आधी, तेही देवाच्या दयेने, आणि नियमशास्त्र, म्हणजे मोशेचे नियम, त्यानंतर, त्या करारात राहण्यासाठी. सँडर्सशी सगळे सहमत नाहीत. पण बायबलातली स्तोत्रं वाचणाऱ्याला वेगळा पुरावा लागू नये. ही पत्रं लिहिणारा पौल स्वतः कृपेची साक्ष काढतो ती दाविदाच्या बत्तिसाव्या स्तोत्रातून. तेव्हा तो परूशी शोधायला मला यहुद्यांकडे जायची गरज नाही. तो निळी वही बगलेत मारून माझ्याच जिन्यात उभा होता.

वहीचा विषय निघालाच आहे तर रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय काढावा. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणण्यात आलं, हे बायबलाच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, पंधराव्या अध्यायातलं वाक्य पौल तिथे मांडीवर घेऊन बसतो. 'गणणे' यासाठीचा ग्रीक शब्द हिशोबाच्या वहीतला आहे, खात्यावर जमा धरणे अशा अर्थाचा, आणि त्या एका अध्यायात तो अकरा वेळा येतो. एखादा मुनीम बोलतोय असं वाटावं. पौल म्हणतो, काम करणाऱ्याच्या हातावर मजुरी पडते ती मेहेरबानी म्हणून नाही, त्याचं देणं म्हणून. अब्राहामाचं तसं नव्हतं. मग तो तारखा काढतो: विश्वास गणला गेला तो सुंतेच्या, म्हणजे कराराच्या खुणेच्या, आधी की नंतर? आधी. सुंता सतराव्या अध्यायात आहे. गलतीकरांना लिहिताना तर तो वर्षंही मोजून देतो, नियमशास्त्र आलं ते अब्राहामाला दिलेल्या अभिवचनानंतर चारशे तीस वर्षांनी. ज्याला हिशोबाची वही मोडायची आहे तो माणूस हिशोबाचीच भाषा वापरतो, यात मला मोठी गंमत वाटते. त्याला दुसरी भाषा येत नसावी. मलाही येत नाही.

कारण पौलाची स्वतःची वही भरलेली होती. फिलिप्पैकरांना लिहिताना तो ती उघडून दाखवतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, इब्र्यांचा इब्री, परूशी, आणि नियमशास्त्राच्या नीतिमत्त्वाविषयी निर्दोष. निर्दोष! हे वाचताना आपण घाईने पुढे सरकतो. तो पश्चात्तापाने पिचलेला पापी म्हणून बोलत नाही, पहिला नंबर आलेल्या मुलासारखा बोलतो. आणि मग तो संपूर्ण रकाना लाभाकडून उचलून हानीकडे टाकतो, केरकचरा म्हणतो. मूळ शब्द याहून घाण आहे, शेणापर्यंत पोचणारा. तिथे त्याने खाडाखोड केलेली नाही, बेरीजही तपासलेली नाही. वहीच उकिरड्यावर टाकली आहे. वाईट कृत्यांचा पश्चात्ताप सोपा असतो. चांगल्या कृत्यांवरचा हक्क सोडणं अवघड, हे त्या जिन्यात माझ्या लक्षात आलं.

आणि ज्यांची वही कधी जुळतच नाही, त्यांचं काय?

मार्टिन ल्यूथर त्यातला, तो जर्मन संन्यासी, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली. १५०५ साली वादळात वीज जवळ कोसळली, त्याने भीतीने नवस बोलला आणि तो मठात गेला. तिथे तो तासन्‌तास कबुलीजबाब द्यायचा, उठून बाहेर यायचा आणि काहीतरी राहून गेलं म्हणून परत जायचा. मरणाच्या आदल्या वर्षी, १५४५ साली, त्याने लिहून ठेवलं आहे, की बोट दाखवायला जागा नाही असं संन्यस्त जीवन जगूनही 'देवाचं नीतिमत्त्व' या शब्दांचा त्याला तिटकारा होता. रोमकरांस पत्र, पहिला अध्याय, सतरावं वचन. त्याच्या समजुतीत हे नीतिमत्त्व म्हणजे देवाच्या हातातला मोजदंड, ज्याने तो पाप्यांना मोजतो आणि शिक्षा करतो. सुवार्तेतही पुन्हा तेच, म्हणून त्याचा जीव जळायचा. मग रात्रंदिवस त्या वचनाशी झटताना त्याला पुढचे शब्द दिसले, हबक्कूक संदेष्ट्याचे: नीतिमान विश्वासाने जगेल. म्हणजे हे नीतिमत्त्व देव मागत नाही, देतो. त्याला वाटलं आपण नव्याने जन्मलो, उघड्या दारांतून नंदनवनात शिरलो. लोकांना १५१७ सालचे, चर्चच्या क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धचे ते पंच्याण्णव मुद्दे आठवतात, विटेनबर्ग आठवतं. मला आठवतो हा भेदरलेला मनुष्य, जो एकाच शब्दावर वर्षानुवर्षं ठेचकाळत राहिला.

शब्दावरूनच पुढे रामायण झालं. जर्मन नवा करार १५२२ साली आला त्यात रोमकरांस ३:२८ मध्ये ल्यूथरने 'केवळ' घातला, केवळ विश्वासाने. ग्रीकमध्ये तो शब्द नाही. लोक तुटून पडले. त्याचं उत्तर असं, की जर्मन माणूस असंच बोलतो आणि पौलाचा आशयही तोच आहे. पंचाईत ही, की 'केवळ विश्वासाने' हे शब्द नव्या करारात एका ठिकाणी खरोखर येतात, याकोबाच्या पत्रात, आणि तिथे त्यांच्यामागे 'नव्हे' लागलेलं आहे. माणूस कृत्यांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. ल्यूथरने त्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं ते उगीच नाही. याकोबही अब्राहामाचं तेच वाक्य काढतो, पण तो मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला वेदीवर ठेवण्याच्या प्रसंगाशी जोडून. पौल पंधराव्या अध्यायावर बोट ठेवतो, याकोब बाविसाव्यावर. दोघांच्या मधे अब्राहामाचं अख्खं म्हातारपण आहे. पूर्वी मला वाटायचं यातला एकच बरोबर असणार. आता वाटतं, एक जण दार कसं उघडलं ते सांगतोय आणि दुसरा विचारतोय की आत शिरलास की उंबऱ्यावरच बसलास.

ट्रेंट इथे भरलेल्या कॅथॉलिक धर्मपरिषदेने १५४७ च्या जानेवारीत आपली बाजू बांधून दिली. 'नीतिमान ठरवणे' यासाठीचा लॅटिनमधला शब्दच 'नीतिमान' आणि 'करणे' यांना जोडून झालेला. त्यामुळे देव माणसाला नुसता ठरवत नाही, आतून तसा करतोही, यावर त्यांचा भर. ठरवणे की करणे, या दोन क्रियापदांमध्ये युरोप फाटला असं म्हटलं तर इतिहासकार मला झोडपतील, राजकारण होतं, पैसा होता. पण अगदीच खोटं नाही ते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथॉलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात दोघं मिळून म्हणतात की आपल्यातल्या कुठल्याही गुणवत्तेमुळे नाही, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करतो. साडेचारशे वर्षांनी का होईना, खालच्या दोन्ही रेघांवर सह्या झाल्या. माझ्या वहीवर एकच आहे.

कृपेचा दुसरा काच मात्र मला फार नंतर लागला. चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या, प्रभुभोजनाच्या, ओळीत माझ्या पुढे एक माणूस उभा होता. त्याने पूर्वी मला एका व्यवहारात फसवलं होतं. मधल्या काळात तो विश्वासात आला, त्याने साक्ष दिली, डोळे पुसले, लोकांनी मिठ्या मारल्या. माझ्याकडे तो आला नाही. त्याच्या मानेकडे बघत मी ओळीत सरकत होतो आणि मनात म्हणत होतो, देवा, तुला क्षमा करायला काय जातं, बुडाले ते माझे. बोनहॉफर या जर्मन पाळकाने १९३७ साली याला नाव दिलं, स्वस्त कृपा: पश्चात्तापाशिवाय क्षमा, ज्यात पापाला मोकळीक मिळते आणि माणूस जिथल्या तिथे राहतो. १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फाशी दिली, त्यामुळे त्याच्या तोंडी हा शब्द शोभतो. माझ्या तोंडी तितकासा नाही. मी तो शब्द दुसऱ्याच्या मानेकडे बघून वापरत होतो. येशूच्या गोष्टीतल्या द्राक्षमळ्यात पहाटेपासून राबणारे मजूर शेवटच्या तासाला आलेल्यांच्या हातात पूर्ण दीनार, म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी, बघून कुरकुरले, तेव्हा मालकाने विचारलं, मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलतं का? सलतं, महाराज. प्रामाणिक उत्तर तेच आहे. येशूशेजारी वधस्तंभावर मरता मरता नंदनवन मिळालेला तुमचा तो चोरसुद्धा सलतो, ज्याला एकही हप्ता भरायला वेळ मिळाला नाही.

एक गोष्ट मात्र त्या ओळीत, माझी पाळी येईपर्यंत, लक्षात आली. पुढे करायचे हात त्याचेही रिकामे होते आणि माझेही. ल्यूथरनंतरचा धर्मसुधारक कॅल्विन, त्याने विश्वासाला भांड्याची उपमा दिली आहे. भांडं आपली काही किंमत घेऊन येत नाही, त्यात ओतलं जातं तेच मोलाचं. शास्त्रही 'विश्वासाच्या द्वारे' म्हणतं, विश्वासाच्या बदल्यात म्हणत नाही. आम्ही काय करतो, तर त्या भांड्यालाच घासून पुसून प्रदर्शनात मांडतो. माझा विश्वास बघा, केवढा! की झाली पुन्हा चांदणी.

आत्याच्या हसण्यानंतर, बापाची मिळकत उडवून डुकरं चारायची वेळ आलेल्या उधळ्या पुत्राची येशूने सांगितलेली गोष्ट मी पुन्हा वाचली आणि इतक्या वर्षांत न दिसलेली एक जागा दिसली. डुकरांमध्ये बसून तो मुलगा बापापुढे म्हणायचं भाषण तयार करतो. तीन वाक्यं आहेत: मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्यासमोर पाप केलं आहे, आपला मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला आपल्या एका मजुरासारखं ठेवा. घरी पोचल्यावर तो पहिलं म्हणतो, दुसरं म्हणतो, आणि तिसरं वाक्य येतच नाही. बाप मधेच चाकरांना हाका मारायला लागतो, झगा आणा, अंगठी आणा. ते तिसरं वाक्य म्हणजे त्याची निळी वही होती. मजूर म्हणून राहीन, रोजची मजुरी फेडीत घालीन, एक दिवस शून्य करीन. बापाने ते ऐकूनच घेतलं नाही. आणि गंमत अशी, की ते वाक्य घरीच राहिलेल्या थोरल्या भावाने जन्मभर आचरलं. इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय आणि मला एक करडूही मिळालं नाही, हे तो म्हणतो त्यात करडाचा हिशोब किती चोख आहे बघा! घरात राहून तो मजूरच राहिला. गोष्ट त्याला अंगणात उभा सोडून संपते. तो आत गेला की नाही, लूक सांगत नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला संध्याकाळी मी सवयीने आत्याकडे निघालो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की द्यायचं काहीच नाही. परत फिरावं असं वाटलं, खरंच वाटलं. दारात उभा राहिलो तेव्हा हातांचं काय करावं ते कळेना, एकदा खिशात घातले, एकदा मागे बांधले. आत्याने दार उघडलं. मी का आलो हे तिने विचारलं नाही. "बरं झालं आलास," म्हणाली, "माळ्यावरची ती पेटी काढून दे, माझा हात पोचत नाही." मी स्टुलावर चढलो. पेटी जड होती, वर धुळीचा थर, एका कडेचा पत्रा सुटलेला. उतरवताना बोटाला कापलं, थोडं रक्त आलं. ते बघून ती चिंधी शोधायला आत गेली आणि मी पेटीशेजारी जमिनीवर बसलो. बसल्या बसल्या, मी थांबवायच्या आत, मनात नोंद होऊन गेली. तारीख, दिलेले, पेटी एक.